टॅग कोणाच्या वाट्याला?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एल्कच्या शिकारीच्या हंगामाबद्दल लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं: परराज्यातल्या शिकाऱ्यांसाठी जे टॅग असतात, त्यांतून आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा वाटा राखून ठेवणं मला न्याय्य वाटत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली आहेत की या वेळचं सदर त्यांनाच देते.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. एल्क हे सांबराच्या कुळातलं, पण अंगाने आणखी थोराड हरीण. भरलेला नर तीनशे किलोच्या घरात जातो. टॅग म्हणजे एक जनावर मारण्याचा सरकारी परवाना. जनावर पडलं की तो तिथेच त्याला लावायचा. मागणी जास्त आणि टॅग कमी, म्हणून बऱ्याच ठिकाणी सोडत निघते; तिला सगळे ड्रॉच म्हणतात. आउटफिटर म्हणजे घोडे, तंबू, स्वयंपाकी, वाटाडे असा सगळा सरंजाम उभा करून शिकाऱ्याला डोंगरात नेणारा परवानाधारक व्यावसायिक. मी मोंटानातल्या बोझमनला राहते, इथल्या काही आउटफिटरांचे हिशेब आणि टॅक्सचे कागद बघते. आणि दर शरदात रहिवासी म्हणून स्वतःचा टॅग खिशात घालून डोंगरात जाते. वर्षभराचं मटण आमच्या घरी त्यातूनच येतं. मी कुठे उभी राहून बोलते आहे ते वाचकांना माहीत असावं, म्हणून हे सांगितलं.

प्रश्न (सिएटल): ताई, सलग दोनदा मोंटानाच्या एल्कसाठी अर्ज केला. हजारावर डॉलर आधी भरले, नंबर लागला नाही, पैसे परत आले. ऑफिसातल्या एकाने न्यू मेक्सिकोत आउटफिटरशी करार करून अर्ज केला, त्याला पहिल्याच वर्षी टॅग मिळाला. हा वशिला नाही तर काय?

उत्तर: वशिल्याला आडपडदा लागतो. इथे सगळं कायद्यातच लिहून ठेवलंय. न्यू मेक्सिकोच्या ड्रॉमध्ये शंभर टॅग असतील तर ८४ राज्याच्या रहिवाशांना, १० आउटफिटरशी आधी करार केलेल्यांना आणि उरलेले ६ बाहेरून स्वतःच्या जिवावर येणाऱ्यांना, अशी वाटणी आहे. तुमच्या सहकाऱ्याने दहाच्या गटातून अर्ज केला. त्या गटात शिरायचं तर अर्जाच्या आधी आउटफिटरशी करार हवा, म्हणजे काही हजार डॉलर खर्चायची तयारी हवी. साहजिकच तिथे गर्दी कमी. तुम्ही एकट्याने अर्ज केला असता तर तो सहाच्या गटात गेला असता, आणि त्या सहांसाठी अख्खा देश रांगेत उभा असतो.

ही वाटणी २०११च्या कायद्याने आली. त्याआधी ७८, १२ आणि १० असे वाटे होते. हे आकडे शेजारी-शेजारी मांडून बघा. रहिवाशांचे सहा वाढले. त्यांतले दोन आउटफिटरांच्या गटातून आले आणि चार आपले आपण येणाऱ्यांच्या गटातून. ज्यांचा वाटा आधीच लहान, त्यांच्याकडून दुप्पट काढून घेतले. असं का झालं ते कळायला फार विचार करावा लागत नाही. रहिवाशांना तिथे मत आहे. आउटफिटरांची संघटना आहे आणि ती विधिमंडळाच्या सुनावण्यांना हजर असते. सिएटलहून किंवा शिकागोहून अर्ज भरणाऱ्या माणसाच्या वतीने राजधानीत, सांता फेला, उठून बोलणारं कोणी नाही.

आणि हे ८४ टक्केसुद्धा फक्त ड्रॉपुरते. खासगी जमिनींवर फिरणाऱ्या एल्कसाठी तिथे जमीनमालकांना वेगळी अधिकारपत्रं मिळतात आणि ती त्यांना विकता येतात. पैसे मोजले की झालं, ड्रॉची वाट बघायला नको. न्यू मेक्सिकोतले साधे स्थानिक शिकारी यावर चिडून असतात, आणि त्यांची चीड रास्त आहे.

मोंटानाचं म्हणाल तर इथे तसा वेगळा गट आज नाही. परराज्यातल्यांसाठी मोठ्या शिकारीचे एकत्रित (एल्कसोबत इतर शिकारही धरून) परवाने १७,०००, आणि आउटफिटरचं गिऱ्हाईक असो की तुमच्यासारखा एकटा, सगळे एकाच ड्रॉमध्ये. नंबर न लागण्याचं कारण अर्जांची गर्दी आणि पॉइंट, म्हणजे पैसे भरून साठवायचे अग्रक्रमाचे गुण. ज्यांनी आधी प्राधान्याचे पॉइंट घेतलेत त्यांच्याकडे परवान्यांचा मोठा भाग जातो. पुढच्या अर्जाआधी पॉइंट घ्या.

प्रश्न (पुणे): मी वकिली करतो. तुम्ही लिहिलं होतं की एल्क ज्या डोंगरात राहतात ती जमीन बहुतांशी केंद्र सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची. मग जमीन देशाची असताना जनावर एकट्या राज्याचं कसं? आणि नागरिकानागरिकांत असा भेद घटनेत बसतो?

उत्तर: वकीलसाहेब, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि गंमत अशी की तो नेणाऱ्यांत पुढे होता मोंटानाचाच एक आउटफिटर. त्याच्यासोबत मिनेसोटाचे काही शिकारी होते. १९७६मध्ये मोंटानाच्या रहिवाशाला नुसत्या एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळायचा. बाहेरच्याला नुसता एल्क मिळतच नसे. २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागायचा. पंचवीस पट. बाल्डविन खटला म्हणून तो ओळखला जातो. १९७८मध्ये निकाल लागला तो राज्याच्या बाजूने. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की एका राज्याच्या माणसाला दुसऱ्या राज्यात जाऊन पोट भरायचा हक्क घटना देते, पण एल्कची शिकार ही बाहेरून येणाऱ्याची करमणूक आहे, मूलभूत हक्क नाही. राज्य आपल्या माणसांना झुकतं माप देऊ शकतं.

त्याच्याही मागे १८९६चा एक निकाल होता, ज्यात रानातलं जनावर म्हणजे राज्यातल्या जनतेची सामायिक मालमत्ता असं धरलं होतं. मालकीची ती भाषा न्यायालयाने १९७९मध्ये सोडून दिली. पण राज्य हे जनतेच्या वतीने रानाचं विश्वस्त आहे ही कल्पना पक्की रुजलेली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार शिकार झाली, एल्क आणि इथले गवे (बायसन) संपत आले. ते पुन्हा वाढले ते 'हे कोणा एकाचं नाही, विकायचं नाही' या तत्त्वावर.

पुढे ॲरिझोनात परत तोच वाद उभा राहिला. तिथे नर एल्कचे दहा टक्क्यांहून जास्त टॅग बाहेरच्यांना देत नसत. परराज्यातले व्यावसायिक शिकारी आणि गाइड कोर्टात गेले. २००२मध्ये नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने म्हटलं की शिंगं, कातडी, गाइडचा धंदा असा हा आंतरराज्य व्यापार आहे, त्यावर अशी मर्यादा घालायची तर राज्याने भक्कम कारण दाखवावं. पश्चिमेकडच्या राज्यांत खळबळ उडाली. शेवटी २००५मध्ये काँग्रेसनेच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनेच, कायदा करून सांगितलं की रहिवासी आणि बाहेरचे यांच्यात फरक करायचा अधिकार राज्यांचाच आहे. कायद्यापुरता वाद तिथे मिटला.

माझं मत विचाराल तर रहिवाशांना पहिला हक्क असावा. उन्हाळ्यात एल्क वर राष्ट्रीय वनांत असतात खरे, पण बर्फ पडलं की खाली उतरतात आणि रँचवाल्याच्या (गुरांची मोठी कुरणं असलेल्या शेतकऱ्याच्या) गवताच्या गंजीवर ताव मारतात. कुंपणं तुटतात. रात्री रस्त्यावर गाडीसमोर येतात. हे वर्षभर सोसतो तो इथला माणूस. पण जमीन सगळ्यांची आहे, हेही खोटं नाही. म्हणून बाहेरच्यांचा वाटा नावापुरता नसावा, आणि तो वाटा ज्यांच्या नावाने काढला त्यांच्यापर्यंत तो सरळ पोचावा. मधल्या माणसाच्या हातून नव्हे. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

प्रश्न (मोंटाना, गावाचं नाव न छापण्याची विनंती): ताई, लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आउटफिटिंगचा धंदा सासऱ्यांकडे होता, आता माझे यजमान बघतात. २०१०पर्यंत आमच्या गिऱ्हाइकांना परवाना खात्रीचा होता. आता फेब्रुवारीत खेचरांचा चारा, वाटाड्यांचे पगार, वनखात्याचा परवाना, विमा, सगळं ठरवायचं आणि गिऱ्हाईक येणार की नाही ते ड्रॉनंतर कळणार. आमच्यासारख्यांचे हिशेब तुम्ही लिहिता. मग आमच्या पोटावर पाय देणारं का लिहिता?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. ड्रॉचा निकाल लागला की कोणाचं बुकिंग राहिलं आणि कोणाला अनामत परत करायची याच्या याद्या माझ्याच टेबलावर येतात. चांगल्या, मेहनती घरांच्या वर्षाचा आराखडा त्या आठवड्यात विस्कटताना मी बघते. म्हणूनच उत्तर सविस्तर देते.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. परराज्यातल्यांच्या १७,००० परवान्यांपैकी ५,५०० पूर्वी आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांसाठी राखलेले असत. त्यांची किंमत जास्त असे, पण मिळण्याची जवळजवळ खात्री असे. नोव्हेंबर २०१०मध्ये मोंटानात लोकमताने ठरलं की हा राखीव वाटा बंद करायचा आणि ते ५,५०० परवाने सगळ्यांच्या ड्रॉमध्ये घालायचे. सोबत बाहेरच्यांचा परवाना ६२८ डॉलरवरून ८९७वर नेला, आणि त्या पैशातला काही भाग सर्वसामान्य शिकाऱ्यांना जमिनींवर प्रवेश मिळवून देण्यासाठी आणि अधिवास राखण्यासाठी ठेवला.

लोकांनी असं मत का दिलं? आउटफिटर कोणाला नको होते म्हणून नव्हे. राग होता कुलुपं लागलेल्या फाटकांचा. ज्याच्या हातात खात्रीची गिऱ्हाइकं आहेत तो रँचवाल्याकडून शिकारीचे हक्क भाड्याने घेऊ शकतो. रँचवाल्यालाही दुष्काळाच्या वर्षी तो पैसा आधाराला येतो. पण मग त्या नदीकाठी ज्यांचे आजोबा एक हाक मारून, विचारून आत जात, त्यांच्या नातवाला फाटकावर पाटी दिसते. असं खोऱ्यामागून खोरं होत गेलं. तुमच्या यजमानांनी असं केलं असेल असं मी म्हणत नाही. त्यांचा धंदा राष्ट्रीय वनातला, घोड्यावरचा आहे हे पत्रावरून दिसतंच. पण राखीव वाटा तुम्हालाही होता आणि फाटकं बंद करणाऱ्यांनाही होता.

आता माझ्या मनातलं मूळ कारण. समजा रेल्वेने एका गाडीतल्या दर तीन जागांपैकी एक जागा एजंटांच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवली, तर आपण काय म्हणू? एजंटाचं काम प्रामाणिक आहे, तो सामान उचलतो, जेवण देतो, हे सगळं कबूल. तरी जागा त्याच्या हातून का जावी? मार्गदर्शित एल्क-शिकारीला आज सहज सात-आठ हजार डॉलर लागतात. टॅग त्या कराराला बांधला की खरी प्रवेश-फी तेवढी होते. ज्या वेल्डरला किंवा शाळामास्तराला तंबू पाठीवर टाकून यायचंय आणि मांस घरी न्यायचंय, त्याच्यासाठी उरलेल्या जागा कमी होतात. जनतेच्या विश्वस्ताने हे करू नये. सेवा हवी त्याने सेवा विकत घ्यावी. पण परवाना त्याच्या आधी, सगळ्यांच्या बरोबरीने, एकाच सोडतीतून निघावा.

मग तुमच्या फेब्रुवारीचं काय? यावर उपाय आहे आणि तो राज्याच्या हातात आहे: ड्रॉ लवकर काढा. एक एप्रिलपर्यंत अर्ज घेऊन मग निकाल लावायचा, यात धंद्याचा अर्धा वसंत जातो. वायोमिंग परराज्यातल्यांचे एल्कचे अर्ज हिवाळ्यातच घेतं. निकाल हिवाळा संपायच्या आत लागला तर तुम्ही बुकिंग निकालानंतर घ्याल, चारा त्या हिशेबाने भराल, आणि अनामत परत करायची वेळच येणार नाही. शिवाय ज्यांचे टॅग कोणी परत केले ते टॅग वेळेवर पुन्हा बाहेर काढावेत. ही मागणी घेऊन आउटफिटर आणि स्थानिक शिकारी एकत्र गेले तर त्यांना कोण नाही म्हणेल? त्याऐवजी २०२१मध्ये विधेयक आलं ते बाहेरच्यांचे ६० टक्के परवाने आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांना द्या असं. गावोगावचे शिकारी उठले, सुनावणीला विरोधकांची रीघ लागली आणि ती तरतूद टिकली नाही. मग त्या वर्षापुरते, आधी बुकिंग केलेल्या पण ड्रॉमध्ये न लागलेल्या लोकांना जादा परवाने दिले गेले. तुमच्याकडचे काही पाहुणे त्यातूनच आले असतील. पण त्या भांडणाने गावागावात जी कटुता आली ती अजून गेलेली नाही. किराणा दुकानात एकमेकांशी न बोलणारी माणसं मला माहीत आहेत.

तुमचा धंदा जगावा असं मला मनापासून वाटतं. घोड्यावर सामान लादायची, हिऱ्याच्या आकाराची ती गाठ मारायची विद्या तुमच्याच घरांत उरली आहे. ती विद्या मोलाची आहे, आणि तिच्यासाठी पैसे देणारी माणसं ड्रॉमधूनही येतात. हिशेबाच्या वह्यांत मी तेही बघते: ज्यांची सेवा चांगली आहे त्यांच्याकडे पॉइंट साठवून पुन्हापुन्हा येणारी माणसं आहेत.

प्रश्न (मिनियापोलिस): वायोमिंगच्या डोंगरी मेंढ्यासाठी वर्षानुवर्षं पैसे भरून पॉइंट साठवले. आता नियमच बदलला. शिवाय तिथल्या राखीव रानात गाइडशिवाय शिकार करता येत नाही म्हणतात. दोन्ही खरं का?

उत्तर: दोन्ही खरं. मेंढा, मूस (एल्कहूनही मोठं हरीण), डोंगरी बकरा, गवा यांसारख्या मोजक्या जनावरांचे ९० टक्के टॅग रहिवाशांना आणि १० टक्के बाहेरच्यांना असा कायदा वायोमिंगने २०२२मध्ये केला आणि पुढच्या वर्षीपासून लागू केला. आधी मेंढ्यांत बाहेरच्यांचा वाटा चौथाई होता. दहा टक्के हा आकडा मला वाईट वाटत नाही; शेजारची कित्येक राज्यं तेवढाच देतात. वाईट वाटतं ते हे की दरवर्षी शंभर-दीडशे डॉलर घेऊन लोकांना एका रांगेत उभं केलं आणि ती रांग संपत येताना दारच अरुंद केलं. ज्यांचे पॉइंट खूप साठले होते त्यांच्यासाठी काही वर्षं जुना वाटा चालू ठेवायला हवा होता. बदल करताना रांगेतल्यांचा विचार करायचा ही साधी रीत आहे.

राखीव रानाबद्दल. १९६४च्या केंद्रीय कायद्याने रस्ता-मोटारीशिवाय कायमची राखलेली जी क्षेत्रं आहेत, त्यांत परराज्यातल्या माणसाला वायोमिंगमध्ये मोठी शिकार करायची तर परवानाधारक गाइड सोबत हवा. नाहीतर तिथला एखादा रहिवासी, ज्याने सरकारकडून फुकटचं गाइडपत्र घेतलंय आणि जो तुमच्याकडून पैसे घेणार नाही. कारण सांगतात सुरक्षिततेचं. मला ते पटत नाही. तोच माणूस त्याच अस्वलांच्या रानात एकटा आठवडाभर चालू शकतो, मासे धरू शकतो, पक्षी मारू शकतो. फक्त एल्कची वेळ आली की त्याचा जीव धोक्यात? हा नियम आउटफिटरांना टॅग देत नाही, पण जागा देतो, आणि तीसुद्धा केंद्राच्या जमिनीवरची. माझ्या मते हा न्यू मेक्सिकोच्या दहा टक्क्यांहून मोठा अन्याय आहे.

प्रश्न (कोल्हापूर): आमच्या गावाला नेमबाजीचा वारसा आहे, मीही रायफल क्लबात वाढलो. ह्यूस्टनचा भाचा अमेरिकन नागरिक आहे. दोघांनी अलास्कात कॅरिबूच्या, म्हणजे रानटी रेनडिअरच्या, शिकारीला जायचं ठरवलं. भाच्याला गाइड नको, मला हवा, असं का?

उत्तर: कारण अलास्का तीन पायऱ्या मानतं. रहिवासी, बाहेरचा अमेरिकन, आणि परदेशी. बाहेरच्या अमेरिकनाला तपकिरी अस्वल, डॉल नावाचा पांढरा डोंगरी मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठीच गाइड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातलग लागतो. कॅरिबू आणि मूस तो स्वतःच्या हिमतीवर करू शकतो. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाला मात्र सगळ्याच मोठ्या जनावरांसाठी गाइड सक्तीचा. तुम्ही त्या पायरीवर. पहिल्यांदाच त्या प्रदेशात उतरणाऱ्याला, जिथे विमान सोडून गेलं की आठवडाभर माणूस दिसत नाही, जाणता माणूस सोबत असावा हे मी समजू शकते.

याहून महत्त्वाचं: तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे. अपवादांपैकी एक म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना. तो हातात येईपर्यंत भाच्याची रायफल नुसती बघायलाही हातात घेऊ नका. एच-वन-बीवर असलेल्या वाचकांनाही हेच लागू. तुमच्यातल्या अनेकांना हे ठाऊक नसतं, म्हणून ठळक सांगते. आणि शिंगं घरी आणायचा विचार असेल तर भारतातल्या कस्टम्सला आणि वनखात्याला निघण्याआधी विचारा.

प्रश्न (नागपूर): मी पंच्याऐंशीच्या पुढचा. साठच्या दशकात आमच्या नागपुरातून ॲल्विन कूपरच्या जीपगाड्यांतून परदेशी पाहुणे वाघाच्या शिकारीला निघताना पाहिलेत. जंगलाचे ब्लॉक असत, परमिट असे. तुमच्याकडचं आउटफिटर प्रकरण ते हेच का?

उत्तर: काका, बाहेरून बघता हेच. सरकारी जंगल, ठरावीक दिवसांचं परमिट, आणि पाहुण्याचं सगळं बघणारी कंपनी. फरक मोजणीचा आहे. आपल्याकडे वाघांची देशभर पहिली मोजणी झाली ती १९७२मध्ये, आकडा आला १,८२७, आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला. आधी मारलं, मग मोजलं. इथे आधी मोजतात. हिवाळ्यात विमानातून कळप मोजायचे, मग कुठल्या भागात किती टॅग ते ठरवायचं. मोजणीचा खर्च बराचसा परवान्यांच्या पैशातून आणि बंदुका-काडतुसांवरच्या करातून निघतो. तो कर १९३७पासून वन्यजीवांच्या कामाला बांधलेला आहे, रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के. मोंटानात एल्क लाखाच्या वर आहेत.

आपल्याकडे शिकार पुन्हा सुरू व्हावी असं माझं अजिबात म्हणणं नाही. रोही आणि रानडुकरं पीक लोळवतात तिथे वनाधिकाऱ्याच्या परवानगीचा मार्ग आहे तेवढा पुरे. माझ्या माहेरी, पाटण तालुक्यात, आजोबांकडे पीकसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती आणि ती डुकरांपलीकडे कशावर चालली नाही. पण टॅगच्या वाटणीचा प्रश्न तुमच्या जवळ आजही आहे. ताडोब्याच्या फाटकावर दिवसाला ठरावीक जिप्सी सोडतात. कोणत्या जागा ऑनलाइन, कोणत्या तत्काळच्या चढ्या दराने, रिसॉर्टवाल्याच्या पाहुण्याला किती सहज मिळते आणि चंद्रपूरच्या शिक्षकाला किती, हा तोच हिशेब आहे. तिथे स्थानिक गाइड सक्तीचा आहे आणि ते मला मान्य आहे, कारण तो जंगलाकाठच्या गावातला असतो आणि त्याची मजुरी सगळ्यांना परवडण्यासारखी ठरवलेली असते.

प्रश्न (न्यू जर्सी): मेंढ्याचा एक टॅग लिलावात लाखो डॉलरला जातो म्हणे. त्यावर तुम्ही गप्प का?

उत्तर: गप्प नाही. मोंटानात मेंढ्याचा वर्षाला एक टॅग लिलावाला जातो, आणि तो चार लाख डॉलरच्या वर गेल्याचंही उदाहरण आहे. तो एकच आहे, उघड आहे, आणि पैसा मेंढ्यांच्याच कामाला लागतो. एकाचे दहा व्हायला लागले तर मी विरोधात लिहीन.

प्रश्न (सॅन होजे): आउटफिटर परवडत नाही, शिंगांची हौस नाही, मांस हवंय. पहिल्यांदा कुठे अर्ज करू?

उत्तर: मादीच्या टॅगसाठी करा. वायोमिंगमध्ये परराज्यातल्यांना मादी-पाडसाचा टॅग तीनशे डॉलरच्या आत मिळतो आणि नरापेक्षा नंबर लवकर लागतो. कोलोरॅडोतही बघा, तिथे २०२४पासून बहुतेक ठिकाणी ड्रॉमधले ७५ टक्के रहिवाशांना आणि २५ टक्के बाहेरच्यांना अशी वाटणी झाली आहे, पण मादीच्या टॅगला अजून वाव आहे. कोलोरॅडोचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. त्याआधी कॅलिफोर्नियात शिकारी-शिक्षणाचा वर्ग करून कार्ड घ्या, ते तिकडे चालतं. नकाशावर खासगी आणि सरकारी जमीन वेगळी दाखवणारं ॲप फोनमध्ये घ्या आणि रेंज नसताना चालेल असं आधीच उतरवून ठेवा. मादीचंही मांस सत्तर-ऐंशी किलो निघतं, ते पाठीवरून गाडीपर्यंत आणायला दोन माणसं तरी हवीत. गाडीत मोठ्या बर्फपेट्या ठेवा. घरी आल्यावर मागचा पाय कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर शिजवा.